ज्वालामुखी मंगळवारी बंद असतो

माझा मेव्हणा दिवाळीत अमेरिकेहून आला तो हवाईमार्गे. म्हणजे विमानानं तर आलाच, पण निघण्याआधी हवाई बेटांवर जाऊन आला होता, आणि हे त्यानं पहिला चहा संपायच्या आत आठ वेळा सांगितलं. बॅगेतून तिथल्या ज्वालामुखी राष्ट्रीय उद्यानाचा नकाशा निघाला, फ्रिजवर चिकटवायचं चुंबक निघालं, ताईसाठी टी-शर्ट निघाला. "दाजी, काय ते व्हिजिटर सेंटर! टोपी घातलेला रेंजर उभा राहून सांगतो, आज किलाउआ काय करतोय, वाफ कुठं आहे, कुठल्या वाटेनं जायचं नाही." आमच्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे शेजारच्या काकू ज्या अधिकारवाणीनं सांगतात, तसाच तो रेंजर असावा.

तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, "ज्वालामुखी आपल्याकडेही आहे."

"कुठं?"

"तू पाट टाकून जेवायला बसलायस ना, त्याच्या खाली."

तो हसला. बायकोनंही मला डोळ्यांनी गप्प केलं. पण यात माझ्या पदरचं काही नव्हतं. साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला भेगा पडून लाव्हा वाहिला. एकदा नाही, थरावर थर. आजही त्यानं जवळपास 5 लाख चौरस किलोमीटर जागा अडवलेली आहे, आणि त्या अतिक्रमणाला कुणी नोटीस काढलेली नाही. खाली जी भट्टी पेटली होती तिच्यावरून आपण हळूहळू उत्तरेला सरकलो. बिऱ्हाड हललं, चूल जागेवर राहिली. ती आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे, आणि त्या बेटावरचा ज्वालामुखी अजून अधूनमधून उतू जातो. त्यांनीही तिथं राष्ट्रीय उद्यान केलंय. आपल्या वाट्याला काळा फत्तर आला.

हे ज्ञान मला पुस्तकातून मिळालं असं मी लोकांना सांगतो. खरं म्हणजे ते बोअरवेलमधून मिळालं. चार वर्षांपूर्वी अंगणात बोअर घेतला. तमिळनाडूच्या नंबरप्लेटची गाडी रात्री अकराला आली आणि सगळ्या गल्लीची झोप उडाली. आधी मुरूम निघाला, मग राखाडी धुरळा सुरू झाला. "सार, पत्थर," ऑपरेटर म्हणाला. एवढं मलाही दिसत होतं. आणखी खाली गेल्यावर धुरळा एकदम विटकरी झाला. आमच्या सौभाग्यवती घाबरल्या, देवीचा कोप वगैरे झाला की काय. ऑपरेटर शांतपणे म्हणाला, "सार, रेड आया. नीचे फिर पत्थर." तसंच झालं. एक लाव्हा थंड झाला, वरचा भाग उन्हापावसात कुजून त्याची माती झाली, मग त्याच मातीवर पुढचा लाव्हा आला आणि ती भाजून लाल झाली. दोन थरांमधल्या त्या सांध्यात किंवा भेगाळलेल्या खडकात नशीब असेल तर पाणी लागतं. आमचं नशीब 300 फुटांवर ओलसर निघालं. पण टोपीवाला रेंजर मी त्या रात्री पाहिला. त्याची टोपी हेल्मेट होती आणि माहिती फुटाच्या भावानं होती, इतकाच फरक.

तर मी मेव्हण्याला म्हटलं, उद्या तुला ज्वालामुखी दाखवतो. सकाळी डबे, पाण्याच्या बाटल्या, ताई, भाऊ अशी सगळी वरात वेरूळला निघाली. वाटेत माझं निरूपण सुरू होतं: कैलास लेणं म्हणजे बांधलेलं देऊळ नव्हे, ते लाव्ह्याच्या डोंगरातून वरून खाली कोरत आणलंय, आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळात. आधी कळस आणि शेवटी पायरी. चूक झाली तर दुरुस्त करायला सिमेंट नाही. त्या कारागिरांना कुठला थर जाड, कुठला भेगाळ, हे बरोबर कळत होतं. "म्हणजे पहिले जिऑलॉजिस्ट," मेव्हणा म्हणाला. मी विजयी मुद्रेनं मान हलवली.

फाटकाशी पोचलो. फाटक बंद. मंगळवार.

वेरूळ मंगळवारी बंद आणि अजिंठा सोमवारी बंद, हे आमच्या शहरात पोरांना पाढ्यांच्या आधी येतं. बाहेरच्या पाहुण्यांना फोनवर मी स्वतः बजावत आलोय. "किलाउआ आठवड्यातून कुठल्या वारी बंद असतो?" असं मीच विचारून टाकलं, म्हणजे त्यानं विचारायची वेळ येऊ नये. बायको मात्र खूश होती. तिला मुळात घृष्णेश्वरालाच यायचं होतं.

परतताना देवगिरीचा किल्ला. तिथंही लाव्हाच आहे, फक्त त्याला तासून सरळ केलंय. डोंगराचा खालचा कडा माणसांनी असा उभा छिलला की सरड्यालाही नीट चढता येऊ नये. कड्याभोवतीचा खंदकही खडकातच खणलाय. पुढं अंधारी, ती काळोखी भुयारी वाट, म्हणजे शत्रूसाठी ठेवलेलं व्हिजिटर सेंटर. महंमद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीची राजधानी उचलून इथं आणली, तेव्हा त्या बिचाऱ्या दिल्लीकरांना तुम्ही विझलेल्या ज्वालामुखीवर राहायला चाललाय हे कुणी सांगितलं नसणार. सांगितलं असतं तरी त्यांना आणखी काय वाईट वाटायचं उरलं होतं? खाली सीताफळं विकायला बसलेल्या मावशींकडे मेव्हणा रमला. ही काळी माती, हे सीताफळ, तुझ्या अंगातला सुती सदरा, सगळा दळलेला लाव्हाच, असं मी सांगत होतो. त्यानं बिया थुंकून विचारलं, "आणि बीबी का मकबरा? तो तर संगमरवरी ना?" छे. संगमरवर खाली कमरेएवढ्या उंचीपर्यंत आणि वर घुमटाला. मधे सगळा आपलाच काळा दगड, चुन्याचा गिलावा थापलेला. मेकअप केलेला लाव्हा.

बुधवारी अजिंठा. वार मी तीन कॅलेंडरांत तपासला. तिथं पायथ्याशी खरोखरचं व्हिजिटर सेंटर उभारलंय, जपानच्या कर्जातून, आणि त्यात 1, 2, 16, 17 या लेण्यांच्या हुबेहूब प्रतिकृती. माणसांच्या श्वासानं मूळ चित्रांना इजा होते, म्हणून निदान काही श्वास तरी तिकडं वळवावेत हा हेतू. मेव्हण्याला हे पटलं. मी म्हटलं, हवाईत खोटा ज्वालामुखी बांधलाय का? इथं पहिल्यांदा तो गप्प बसला.

पण खरा ज्वालामुखी भेटला तो लेण्यांत नव्हे, खाली फर्दापूरच्या दुकानांशी. "साहेब, क्रिस्टल! असली! लेण्याच्या डोंगराचा!" एका पोरानं मेव्हण्याच्या हातात दगडाची वाटी ठेवली. आत पांढरे, गुलाबी स्फटिक चमकत होते. लाव्हा थिजताना आत अडकलेल्या वायूचे बुडबुडे, त्यात युगानुयुगं पाणी झिरपून उगवलेल्या या गारगोट्या. म्हणजे ज्वालामुखीचा ढेकर, विकायला ठेवलेला. भाव आठशेपासून सुरू झाला आणि बसपर्यंत चालता चालता दीडशेवर आला.

मेव्हणा दचकून हात मागं घेत होता. हवाईत म्हणे लाव्ह्याचा खडा उचलायला बंदी आहे, आणि उचललाच तर पेले देवीचा शाप लागतो अशी समजूत. लोक घरी जाऊन पस्तावतात, पोस्टानं दगड परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठीसुद्धा.

"शाप?" बायको म्हणाली. "आईचा पाटा मी चार भाड्याच्या घरांतून नेला. प्रत्येक वेळी जिन्यावरून तुझ्या दाजींनी. त्यांना विचार शाप कसा असतो."

माझी पाठ तेव्हापासून बोलते, हे खरं आहे. त्यानं वाटी घेतली.

परवा रात्री त्याचा फोन. आवाज पडलेला. गाडी बिघडली, तळघरात पाणी शिरलं, धाकटीला कांजिण्या. "दाजी, मी तो दगड परत पाठवू का? पण पत्ता कुणाचा घालू?"

म्हटलं, फर्दापूरच्या त्या पोराचा घाल. तो आठशेपासून पुन्हा सुरू करेल.