एक थेंबही तेल नाही!

प्रथम पात्रता. लोणच्याचे कुरकुरीत काप एअर फ्रायरमध्ये कोणालाही करता येतील असा समज असेल, तर तो सोडावा. करणारा पुरुष असावा, साठीच्या पुढचा असावा, उभ्या नोकरीत त्याने चहासुद्धा स्वतः गाळून घेतलेला नसावा आणि रक्ताचा रिपोर्ट नुकताच हातात पडलेला असावा. आमच्या कुरुंदवाडच्या घरात या सर्व अटींत बसणारे एकच गृहस्थ आहेत. माझे सासरे. आम्ही त्यांना मामा म्हणतो, गाव अजून हेडमास्तर म्हणतं.

नणंदेनं पुण्याहून फ्रायर पाठवला तेव्हा मामांनी आधी माहितीपुस्तक वाचलं. लाल पेन घेऊन. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. कढई म्हटलं की ते बायकांचं काम होतं, पण याला आकडे होते, बटणं होती, वॉरंटी होती. यंत्रापाशी उभं राहायला हेडमास्तरांना कसला कमीपणा?

यंत्र कुठे ठेवावे: दीड हजार वॉटचा प्रकार आहे, त्याला सोळा अँपियरचा प्लग लागतो. जुन्या घरांच्या स्वयंपाकघरात तो नसतो. आमच्याकडे तो फक्त मागच्या सोप्यात, वॉशिंग मशीनचा. म्हणून आमच्या घरी एक तर धुणं होतं, नाही तर खाणं. दोन्हीचा वार मामांनी फळ्यावर लिहून ठेवलाय. (हो, घरात फळा आहे.)

आता लोणचे कोणते घ्यावे. इथे माणसं चुकतात. मामा तीनदा चुकले.

पहिल्यांदा आंब्याची फोड घेतली. वरून सोनेरी, कुरकुरीत, देखणी, आत कोय. कवळीचा तुकडा उडाला तो वॉशिंग मशीनखाली सापडला. दुसऱ्यांदा गोड लिंबाची फोड. साखर आधी जळते, मग धूर येतो, मग शेजारचे विचारायला येतात. तिसऱ्यांदा मिरची; तिच्या अंगावरची मोहरीची डाळ काळी पडून जे कडू झालं, ते आमच्या कुत्र्यानंही हुंगून सोडलं.

तसंही त्या लोणच्याच्या बरणीला हात लावायची कुणाची टाप नव्हती. आत्तींची बरणी आहे ती, माझ्या सासूबाईंची. पलीकडच्या नृसिंहवाडीला पुराचं पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणद्वार सोहळा झाला की लोक स्नानाला धावतात. आमच्या घरात त्याच सुमाराला सामान माळ्यावर चढवायला सुरुवात होते. देवळात आलेलं कृष्णेचं पाणी पुढे आमच्या दारात कधी येईल, याचा हिशेब आत्तींना पाठ आहे. २०१९ च्या ऑगस्टात टीव्ही राहिला खाली, फ्रिज तरंगला, पण बरणी आत्तींनी स्वतः काखोटीला मारून वर नेली. दिवे नाहीत, दूध नाही, भाजी नाही. भात आणि त्या बरणीतली फोड यावर आम्ही दिवस काढले. तेव्हापासून दादरा सोडायचा हक्क एकट्या आत्तींचा. मामांनी तीन फोडी नेल्या त्याही चोरून.

म्हणून काकडी. याला परदेशात आधार आहे. अमेरिकेत आर्कन्सॉ राज्यातल्या ॲटकिन्स गावी बर्नेल ऑस्टिन नावाच्या खानावळवाल्यानं १९६३ साली खारवलेल्या काकडीच्या चकत्या तळून विकायला काढल्या, कारण समोरच लोणच्याचा कारखाना होता. आमच्या शिरोळ तालुक्यात कारखाने साखरेचे, अजून कुणी उसाची कांडी तळली नाही एवढंच. तिकडे लागते ती बोटाएवढी गर्किन काकडी आपल्या शेजारच्या कर्नाटकातही पिकते, पण बहुतेक सगळी बरण्यांतून परदेशी जाते. आपण बाजारातली कोवळी, बारीक बियांची काकडी घ्यावी. लिटरभर पाण्याला पन्नास ग्रॅम मीठ, चार लसूण पाकळ्या, दोन मिरच्या, चमचाभर कुटलेली मोहरी. काकडी पाण्याखाली बुडून राहिली पाहिजे, वर वाटी दाबून ठेवावी. उन्हाळ्यात तीन दिवस, थंडीत आठवडा. पाणी गढूळ झालं, आंबूस वास आला की झालं. मामा रोज सकाळी वास घेऊन फळ्यावर शेरा लिहितात: ‘प्रगती समाधानकारक’.

चकती अर्ध्या सेंटिमीटरची. पातळ केली तर ती वाळते आणि आत काही उरत नाही.

मग कोरडं करणं, आणि या बाबतीत मामांचं मी मनापासून ऐकते. ओल्या चकतीवरचं पीठ घसरतं, आतली वाफ सगळ्याला मऊ करते. सुती फडक्यावर अर्धा तास पसरायचं, वरून दुसरं फडकं दाबायचं. मामांनी पहिल्या दिवशी स्वतःचा पंचा वापरला. ‘आंघोळीचा?’ आत्ती एवढंच म्हणाल्या. आता वेगळं फडकं आहे, त्यावर ‘काकडी’ असं शाईनं लिहिलंय.

आधी चकतीला तांदळाचं कोरडं पीठ लावावं. मग मैदा आणि कॉर्नफ्लोर निम्मेनिम्मे, दाट ताकासारखं भिजवून त्यात बुडवावं. भज्याचं सैल पीठ इथे चालत नाही, जाळीतून खाली गळतं. पुस्तकात अंडं लिहिलंय. पूल ओलांडला की नृसिंहवाडी, आणि मामांना हुरूप येतो नेमका गुरुवारी, तेव्हा अंड्याचा विषय मिटला.

वरचा थर ब्रेडच्या चुऱ्याचा सांगतात. तो हलका; पंख्याच्या वाऱ्यानं उडून वरच्या तारेला चिकटतो आणि जळतो. आमचा शोध चुरमुऱ्याचा. जयसिंगपूर भडंगाचं गाव, चुरमुऱ्यांना इथे तोटा नाही. लाटण्यानं भरड करायचे, पीठ करायचं नाही, आणि चकतीवर तळहातानं दाबून बसवायचे.

पुढची पायरी महत्त्वाची. चुरमुरे भरडून झाले की कर्त्याने बाहेर जाऊन नळाला पाणी आलंय का ते पाहून यावे.

ही पायरी पुस्तकात नाही, आत्तींनी घातलेली आहे. मामा चपला घालून बाहेर गेले की आत्ती दादरा सोडतात, बरणीतल्या लोणच्याचा वरचा तेलकट खार दोन चमचे काढतात आणि चुरमुऱ्यांना चोळून ठेवतात. शास्त्र त्यांच्या बाजूचं आहे. फ्रायर म्हणजे पंखा बसवलेली छोटी भट्टी. कोरड्या पिठाला नुसता गरम वारा दिला तर ते पांढरंच राहतं, तेलाचा हात असला तर रंग धरतं. ‘गरम वाऱ्यानं कधी भजी झाल्यात होय?’ हे आत्तींनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. उत्तर मिळालं नाही, म्हणून स्वतःच सोय केली. मामा परत येतात, नळाला पाणी नसतं, आणि काम पुढे चालू होतं.

यंत्र तीन मिनिटं रिकामं तापवावं. चकत्या एकमेकींना न खेटता एका थरात. मामा त्या प्रार्थनेच्या रांगेसारख्या हातभर अंतरावर लावतात, एखादी वाकडी असली तर कान धरून सरळ करतात. दोनशे अंशांवर आठ मिनिटं, उलटून आणखी चार. लगेच खावं, डब्यात भरू नये. वरून मीठ नको. सोबत घट्ट दही.

पाहुणे आले की मामा ताटली पुढे करून सांगतात, ‘एक थेंबही तेल नाही!’ आत्ती पदराला हात पुसत आत जातात.

मागच्या महिन्यात त्या चार दिवस मिरजेला बहिणीकडे गेल्या. मामांनी गुरुवारी काप केले, खडूसारखे निघाले. रंगानं आणि चवीनंही. त्यांनी जाळी घासली, पुस्तकाचं सतरावं पान काढलं, शेवटी निदान केलं: व्होल्टेज कमी आहे. आणि ती सगळी ताटली एकट्यानं, दह्यात बुडवून, संपवली. मी मिरजेला फोन लावला.

‘खाल्लं त्यांनी?’

‘सगळं.’

बराच वेळ काही आवाज नाही. मग म्हणाल्या, ‘हात कोरडा कर. दोनच चमचे काढ. दादरा होता तसाच बांध, गाठ उजव्या अंगाला. आणि त्यांना नळाकडं धाड.’

दुसऱ्या दिवशी मामांनी पहिली चकती तोंडात टाकली, डोळे मिटले, माझ्याकडे वळले.

‘बघ,’ म्हणाले, ‘आलं व्होल्टेज.’