वजनदार दादा

तुमच्याही गावात तो असणारच. वय तिशीच्या अलीकडे-पलीकडे, स्पर्धा परीक्षेची तयारी चालू, अंगात बारा खिशांची पँट आणि गळ्यात शिट्टी. कॉलेजात नवी पोरं आली की आठवड्याभरात तो त्यांना गाठतो आणि कळसूबाईचं वेड लावतो. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावांत असली माणसं निपजली तर समजू शकतो, पण परभणीत? आमच्याकडे चढ म्हणजे रेल्वेचा उड्डाणपूल. गाव समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आसपास, आणि ते चारशे मीटर सगळ्यांना अगदी सारखे वाटून दिलेले. डोंगर बघायचा तर रात्रीची देवगिरी एक्सप्रेस धरायची, नाशिकरोडला उतरायचं आणि जीपनं बारी गाव गाठायचं. एवढं सगळं असूनही हा मनुष्य वसमत रोडला, नेमका माझ्याच माडीवर भाड्यानं राहतो.

त्याला सगळे दादा म्हणतात. मीही म्हणतो, आणि मी त्याच्या बापाच्या वयाचा आहे.

दादाकडे हुकाचा काटा आहे. कापूस वेचणीला बांधावर बोचकी तोलतात तोच. वेचणीची मजुरी किलोवर ठरते, त्यामुळे असा काटा आमच्या भागात घरोघरी. दादानं गावाकडून येताना तो आणला आणि माझ्या ओसरीच्या आढ्याला टांगला. ट्रेकच्या आधीच्या रविवारी कृषी महाविद्यालयातली पहिल्या वर्षाची पोरं-पोरी आपापल्या पाठपिशव्या घेऊन ओसरीत रांग लावतात. पाठीवरचं ओझं अंगच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या वर नको, हा दादाचा कायदा. म्हणून आधी पोरं तोलायची, ती कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर. मग पिशव्या तोलायच्या, आणि मग पंचनामा.

सेलूच्या पोराच्या पिशवीतून इस्त्री निघाली.

"ही कामून?"

"वर फोटो काढायचेत की, दादा."

गंगाखेडचा एक जण धपाट्यांबरोबर ते गरम करायला लोखंडी तवा घेऊन आला होता. मानवतच्या पोरीचं वजन बेचाळीस किलो, पिशवी चौदा. त्यात सोलापुरी चादर आणि आईनं दिलेला तीन किलो चिवडा. दादानं चिवड्याचा डबा हुकाला लावला, आकडा वाचला आणि न्यायाधीशाच्या आवाजात म्हणाला, "बाई, हा चिवडा गावजेवणाचा आहे."

त्याचं सांगणं खोटं नसतं, हीच तर पंचाईत. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. तीन लिटर घेतलं तर तीन किलो तिथंच झाले. जड सामान पाठीला चिकटून मधोमध, हलकं तळाशी. कमरेचा पट्टा आवळला की भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो. हे तो इतकं झकास सांगतो की माझी बायकोही आता भाजीची पिशवी भरताना बटाटे पाठीकडे ठेवते. पण कपड्यांवर आला की मला ठसका लागतो. "सुती काही घालायचं नाही. घामानं भिजलं की वाळत नाही, वर वाऱ्यात हुडहुडी भरते." अरे, कापसावर जगणारा आपला जिल्हा! इथल्याच कृषी विद्यापीठाच्या नांदेडच्या केंद्रानं 'नांदेड ४४' वाण दिलं, त्यावर लोकांनी घरं बांधली, आणि कपाशीवाल्यांच्या लेकरांना तू नायलॉन घालायला सांगतोस? तर म्हणतो, "काका, तुमचा सदरा साडेतीनशे ग्रॅम भरतो. ओला झाला की किती होईल ते बघा."

त्यानं माझा सदरा कधी तोलला ते मला माहीत नाही.

ती खोडच आहे त्याची. गॅसची टाकी आली की हुकाला लावतो. दिवाळी अंक आला की जाहिरातींसकट किती आणि जाहिराती काढून किती, ते सांगतो. माझा नातू त्यानं झोळीत घालून तोलला आणि अकरा किलो चारशे म्हणाला. सून अजून त्याच्याशी नीट बोलत नाही. टूथब्रशच्या दांड्या तर तो करवतीनं अर्ध्यावर कापतो. त्यातून वाचणार पाच-सात ग्रॅम, आणि त्याच्या काट्यावर वीस ग्रॅमच्या खालचं काही दिसतच नाही. मी हे दाखवून दिलं तर म्हणाला, "दिसत नसलं तरी पाठीला कळतं, काका."

आषाढीच्या आधी शेगावची गजानन महाराजांची पालखी परभणीवरून जाते. एवढं अंतर पायी तुडवणारी माणसं किती कमी ओझ्यात चालतात, हे पोरांना पुराव्यानिशी दाखवायला दादा काटा घेऊन रस्त्यावर उभा राहिला. एका म्हाताऱ्यानं मुकाट्यानं खांद्यावरची पडशी हुकाला अडकवू दिली. आकडा सव्वा किलोही भरेना. दादाचा चेहरा उजळला. म्हातारा म्हणाला, "बापू, बाकीचं समदं मागच्या ट्रकात हाय." त्या दिवशी दादा जेवला नाही.

त्यानंतर त्यानं वारी सोडली आणि अमेरिकेची आजी धरली. एमा गेटवूड. अकरा लेकरांची आई, वय ६७. १९५५ साली अॅपलेशियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरांहून लांब पायवाट ती एकटी चालली. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्यावर घरी शिवलेली पिशवी, पावसाला न्हाणीघराचा पडदा. गोष्ट सोळा आणे खरी आहे. पण ती दर वर्षी इतक्या वेळा ऐकावी लागते की आमच्या घरात आता त्या बाईंचा उल्लेख 'आत्या' असा होतो.

सराव जिंतूरजवळच्या नेमगिरीला. तिथल्या जैन लेण्यांची दारं इतकी बुटकी की कमरेत वाकूनच आत जावं लागतं. गेल्या खेपेस पालमचा एक गडी पिशवीसकट शिरला आणि दारात अडकला. त्याला ना पुढं जाता येईना ना मागं येता येईना. बाहेरून दादा ओरडत होता, "बघा, म्हणून म्हणत होतो, साडेनऊ किलो!"

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. मग यंदा माझा भाचाच त्याच्या टोळीत गेला. निघायच्या रात्री सगळ्यांच्या पिशव्या ओसरीत ओळीनं लावलेल्या, पोरं आत जेवायला बसलेली. मला काय सुचलं कोण जाणे, मी दादाची पिशवी उचलून हुकाला लावली. एकोणीस किलो. पट्टा सैल करून पाहिलं तर वरच सोलापुरी चादर, तिच्याखाली चिवड्याचा डबा, आणि तळाशी तो तवा. इस्त्री तेवढी नव्हती, हे नशीब.

तो मागे येऊन उभा राहिला होता. "काका, त्यांच्या मायनं दिलंय ओ. टाकून कसं द्यायचं?" आणि मग काट्याकडे बघत म्हणाला, "माझी माय वेचणीचं बोचकं डोक्यावर आणायची. तोलायच्या आधीच आकडा सांगायची. कधी चुकली नाही."

भाच्याकडून पुढचं कळलं. महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर, १,६४६ मीटर. कड्याला लोखंडी शिड्या. एका शिडीखाली मानवतच्या त्या पोरीचे पाय लटपटले. दादानं बाकीच्यांना वर पाठवलं आणि तो तिच्यापाशी चिवडा खात बसून राहिला. दर वर्षी कोणी ना कोणी त्या शिडीखाली बसतंच, म्हणे. कळसूबाईचं देऊळ दादानं बहुधा फोटोतच पाहिलं असावं.

गेल्या निकालात त्याचं दीड मार्कानं गेलं. त्याच्या काट्यावर दीड मार्क दिसायचासुद्धा नाही. त्या आठवड्यात त्यानं काहीच तोललं नाही. घर इतकं शांत झालं की शेवटी मीच एक टरबूज आणून त्याच्यासमोर ठेवलं. वयोमर्यादा संपायला आता थोडीच वर्षं उरलीत. त्याचं तीन महिन्यांचं भाडं थकलंय, ते मी मागत नाही. त्याला हे कळू देऊ नका, नाहीतर सगळेच शेफारतील.

पुढच्या वर्षीही नवी तुकडी येईल. सेलू, मानवत, पालम, सोनपेठच्या आयांना हात जोडून सांगणं आहे: चिवडा पाव किलोच द्या. उरलेला कोण वाहतो, ते आता तुम्हाला कळलंय.