सरासरी बावीस

चाकण परिसरातील हौशी सायकलस्वारीचा विचार करू लागले की पहिला प्रश्न उभा राहतो तो असा की, ज्या पट्ट्यात मोटारी, मोटारसायकली आणि त्यांचे असंख्य सुटे भाग तिन्ही पाळ्यांत तयार होतात, त्याच पट्ट्यातला माणूस सुट्टीच्या दिवशी पहाटे साडेचारचा गजर लावून उठतो, इंजिन नसलेल्या वाहनावर बसतो आणि केवळ स्वतःच्या गुडघ्यांच्या भरवशावर डोंगर चढायला का निघतो. या प्रश्नाचे उत्तर अर्थशास्त्रात सापडत नाही. भोसरी, पिंपरी आणि आकुर्डीच्या कारखान्यांच्या फाटकांवर एके काळी पहिल्या पाळीला सायकलींची रीघ लागत असे आणि प्रत्येक सायकलीच्या हँडलला जेवणाचा डबा लटकत असे; ज्या सायकलीवरून कायमचे उतरता यावे म्हणून आजोबांनी ओव्हरटाइम केला, तीच सायकल घेण्यासाठी आता नातू मासिक हप्ते भरतो. कार्बनच्या सांगाड्याची एक चांगली सायकल चाकणमध्ये तयार होणाऱ्या साध्या मोटारसायकलीपेक्षा महाग पडते, ती चालते मात्र पोह्यांवर, आणि एवढा व्यवहार समोर असूनही ती विकत घेणारा माणूस आठवडाभर कंपनीत खर्चकपातीच्या बैठका घेत असतो.

प्रवासाचा वार ठरवण्यातही येथे एक गुंतागुंत आहे. भोसरी-पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टी परंपरेने गुरुवारी असते, कारण विजेचा भार निरनिराळ्या भागांत वाटला जावा म्हणून प्रत्येक औद्योगिक विभागाला सुट्टीचा वेगळा वार नेमून देण्याची पद्धत पडली; चाकण भागातील अनेक कारखान्यांनीही हाच गुरुवार पाळला, तर काहींनी रविवार धरला. परिणामी शनिवार-रविवार हा जोडसुट्टीचा पवित्र काळ आहे असे समजून जो सायकलस्वार पहाटे रस्त्यावर येतो, त्याला पहिल्या पाळीच्या कामगारांच्या बसगाड्या ओळीने भेटतात आणि त्या बसच्या खिडकीतून पन्नासेक अर्धवट झोपलेले डोळे त्याच्याकडे पाहतात. कामावर जावे लागत नसतानाही हा मनुष्य एवढ्या लवकर का उठला, हा त्या डोळ्यांतील प्रश्न रास्त असतो आणि सायकलस्वाराजवळ त्याचे उत्तर नसते.

अशा प्रवाशाची सामग्री सविस्तर वर्णनास पात्र आहे. अंगाला घट्ट चिकटणारे लायक्राचे कपडे, त्यातील विजारीत बसवलेली गादी, पाठीवरच्या तीन खिशांत अनुक्रमे केळी, पंप आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाईल, आणि बुटाच्या तळाला क्लीट, म्हणजे पेडलमध्ये खटकन अडकून पाय जखडून टाकणारा तुकडा, असा सर्वसाधारण जामानिमा असतो. क्लीटचा शास्त्रीय फायदा असा सांगितला जातो की पेडल खाली दाबताना आणि वर ओढताना दोन्ही वेळा पायाचा उपयोग होतो. तिचा व्यावहारिक परिणाम असा की टाच बाहेर वळवून पाय सोडवायचे भान वेळेवर राहिले नाही, तर स्वार सिग्नलला थांबतो आणि मग अत्यंत सावकाश, सायकलीसकट, बाजूला कलत जाऊन आडवा होतो. ताशी शून्य किलोमीटर वेगाने झालेल्या या अपघातात हाडांना सहसा इजा होत नाही, परंतु शेजारी उभ्या असलेल्या रिक्षावाल्याने ‘काय साहेब, लागलं का?’ असे विचारले की जे व्हायचे ते नुकसान होऊन जाते. या सामग्रीतील सर्वांत महत्त्वाची वस्तू मात्र हँडलवर बसवलेला छोटा संगणक होय. वेग, अंतर, चढण, हृदयाचे ठोके आणि केडन्स, म्हणजे मिनिटाला पेडलचे होणारे फेरे, यांची तो अखंड नोंद ठेवतो. चाक थांबले की त्याची मोजणीही आपोआप थांबते, या व्यवस्थेला ऑटो-पॉज म्हणतात आणि तिचे महत्त्व पुढे दिसून येईल.

डोंगराकडे जाण्यापूर्वी चाकणमधून बाहेर पडावे लागते आणि या टप्प्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. दशरथाच्या रथाचे चाक येथेच निखळले अशी चक्रेश्वराच्या मंदिराची आख्यायिका आहे, म्हणजे वाहन रस्त्यात बंद पडण्याची या गावाची परंपरा थेट त्रेतायुगापर्यंत जाते. पुढे १६६० साली शाइस्तेखानाने येथील संग्रामदुर्गाला वेढा घातला, तेव्हा फिरंगोजी नरसाळ्यांनी तो भुईकोट पन्नासहून अधिक दिवस झुंजवला आणि अखेर सुरुंगाने बुरूज उडवल्यावरच मोगलांना आत शिरता आले. तळेगाव चौकात मोटारी लादलेल्या लांबलचक कंटेनरमागे उभ्या राहिलेल्या आजच्या प्रवाशाला खानाच्या मनःस्थितीची पुरेशी कल्पना येते. १९८० साली शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने कांद्याच्या भावासाठी याच गावी पुणे-नाशिक रस्ता रोखून धरला आणि ते आंदोलन राज्यभर गाजले. तोच रस्ता रोखण्यासाठी आता संघटनेची, मागण्यांची किंवा कांद्याचीही गरज उरलेली नाही. सायकलस्वार मात्र कंटेनर आणि दुभाजक यांच्यामधील वीतभर फटीतून निसटतो आणि मोटारीवर मिळवलेला हा त्याचा दिवसातला पहिला आणि बहुधा शेवटचा विजय असतो. या आनंदात तो असतानाच भंगाराच्या ट्रकमधून सांडलेला लोखंडाचा कीस त्याच्या टायरमध्ये घुसतो, आणि जो धातू आठवडाभर त्याला पगार देतो तोच सुट्टीच्या दिवशी त्याची हवा काढतो.

आंबेठाण चौकातून पश्चिमेला वळल्यानंतर प्रवासाला खरा रंग चढतो. आंबेठाण हे शरद जोशींचे गाव. स्वित्झर्लंडमधील जागतिक टपाल संघटनेची नोकरी सोडून आलेल्या या गृहस्थांनी येथे कोरडवाहू जमीन घेतली आणि तिला पुढे ‘अंगारमळा’ हे नाव मिळाले. स्वित्झर्लंडहून आंबेठाणला येणारा माणूस जिथे झाला, तिथे डोंगर पाहिला की थेट आल्प्सची आठवण काढणारे सायकलस्वारही व्हावेत, हा कालाचा महिमा आहे. डावीकडे भामचंद्राचा डोंगर दिसू लागतो, जेथे तुकोबांना साक्षात्कार झाला अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे, आणि कारखान्यांच्या निळ्या पत्र्यांच्या छपरांमागून तो वर डोके काढून उभा असतो. त्यानंतर पत्रे विरळ होतात, कांद्याच्या वाफ्यांचा आणि ओल्या मातीचा वास येतो, आणि पावसाळा असेल तर पश्चिमेचा वारा समोरून असा येतो की सपाट रस्त्यावरही दोन गिअर खाली यावे लागते.

या टप्प्यावर ग्रामस्थांशी होणाऱ्या संवादाचे तीन प्रकार नोंदवता येतात. पहिला प्रकार शाळकरी मुलांचा. ती ‘काका, गेरची सायकल! कितीला घेतली?’ असे ओरडत बरोबर धावतात, आणि येथे अनुभवी काका खऱ्या किमतीतील एक शून्य कमी करून सांगतात, कारण खरी किंमत घरीही सांगितलेली नसते. दुसरा प्रकार अंतराच्या चौकशीचा. करंजविहिरे किती लांब, असे कोणालाही विचारले तरी ‘हे काय, इथंच’ हे एकच उत्तर मिळते, आणि पुढे चढ आहे का या प्रश्नावर ‘छ्या, उतारच हाय सगळा’ असा दिलासा मिळतो. यात फसवणूक मुळीच नसते. उत्तर देणारा रोज मोटारसायकलवरून जातो आणि मोटारसायकलला चढ नसतात. तिसरा प्रकार वडीलधाऱ्यांचा. पारावर बसलेले आजोबा स्वाराला आपादमस्तक न्याहाळतात, विजारीपाशी नजर किंचित अडखळते, आणि मग ते कळवळून विचारतात, ‘पाव्हणं, गाडी बंद पडली काय?’

करंजविहिऱ्याजवळ भामा नदीवर भामा आसखेडचे धरण आहे, ज्याचे पाणी पुण्याच्या पूर्व भागापर्यंत जाते. धरणाच्या अलीकडे पत्र्याच्या टपरीवर चहा मिळतो, आणि येथे सायकलींचा कळप थांबतो. चहा सांगताना ‘बिनसाखरेचा’ असे ठासून सांगितले जाते, मग त्याबरोबर क्रीमरोल, नंतर गरम भज्यांची एक प्लेट ‘सगळ्यांत मिळून’ मागवली जाते, आणि सगळ्यांत मिळून अशा चार प्लेटी होतात. जलाशयाच्या काठी कोणी तरी पंक्चर काढत बसतो आणि त्याच्याभोवती उभे राहून सहा अभियंते सल्ला देतात. त्यांतील एक जण कंपनीत गुणवत्ता विभागाचा प्रमुख असल्याने ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडा नेमका कोठून येतो याचे निदान करतो, दुसरा बिघाडाचे मूळ कारण शोधण्यासाठी एकामागून एक पाच वेळा ‘का?’ विचारण्याची कारखान्यातील पद्धत लावून पाहतो, आणि शेवटी टपरीवाल्याचा मुलगा टायरवरून बोट फिरवून आतला लोखंडी तुकडा काढून देतो. हँडलवरचा संगणक या सर्व वेळात गप्प असतो.

पाईटच्या दिशेने रस्ता वर चढू लागला की प्रवासाचे तत्त्वज्ञान बदलते. चढाची तीव्रता शेकड्यात मोजतात. शंभर मीटर पुढे जाताना आठ मीटर वर जावे लागले तर तो आठ टक्के चढ होय. मोटारीतून हा आकडा जाणवतसुद्धा नाही, कागदावर तो किरकोळ दिसतो आणि आठ टक्के पगारवाढ तर अपमानास्पदच वाटते; सायकलवर मात्र तेच आठ टक्के सोसत नाहीत. पायथ्याशी स्वार दिवसाचे उद्दिष्ट, म्हणजे ताशी बावीस किलोमीटरची सरासरी, डोळ्यांसमोर ठेवून निघालेला असतो. पहिल्या वळणावर ते वीसवर येते, दुसऱ्यावर सरासरीचा विषय निघत नाही, आणि तिसऱ्यावर तो सर्वांत हलक्या गिअरवर असूनही बोटांनी आणखी एक गिअर चाचपत राहतो, जो कंपनीने दिलेलाच नसतो. नेमक्या याच वेळी मागून भाजीचा रिकामा पिकअप येतो, शेजारी वेग कमी करतो आणि चालक मान बाहेर काढून म्हणतो, ‘बसा दादा, सायकल टाकू मागं.’ हा या प्रवासातील नैतिक कसोटीचा क्षण असतो. स्वाराला हसून नकार द्यायचा असतो, पण हसायला लागणारा श्वास शिल्लक नसल्याने तो केवळ मान हलवतो, चालकाला ती होकारार्थी वाटते, पिकअप थांबतो, आणि मग चढावर पाय सोडवण्याची आठवण न राहिल्याने आधी वर्णिलेली आडवे होण्याची क्रिया पुन्हा घडते.

अन्य मार्गांचा निर्देश थोडक्यात पुरेसा आहे. राजगुरुनगरहून चास आणि वाड्यावरून भीमेच्या खोऱ्यात, तिच्या उगमाकडे जाणारा रस्ता सुंदर आहे आणि त्याच्या सौंदर्याची जाणीव परतताना होते. तळेगाव रस्त्यावरील भंडारा डोंगराचा चढ आखूड परंतु उभा आहे. तुकोबा एकांतासाठी येथे येत. सायकलस्वार येथे येतो तो आपण किती मिनिटांत वर आलो हे स्ट्राव्हा नावाच्या नोंदवहीवर तमाम ओळखीच्या लोकांना कळावे म्हणून. जवळच सुदुंबऱ्याला संताजी जगनाडे महाराजांची समाधी आहे. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजींमुळे जे टिकले ते साडेतीनशे वर्षे लोकांच्या ओठांवर आहे, तर संगणकाने लिहून ठेवलेली चढाईची वेळ पुढच्या रविवारी कोणी तरी चार सेकंदांनी मोडतो. ज्यांना एवढ्यानेही समाधान होत नाही ते ब्रेव्हेच्या नादी लागतात. ब्रेव्हे म्हणजे ठरावीक अंतर ठरावीक वेळेत, बाहेरच्या मदतीवाचून पुरे करण्याची फ्रेंच परंपरेतील दीर्घ सायकलफेरी, जिच्यात दोनशे किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात आणि पहिला क्रमांक नसतो. औद्योगिक पट्ट्यातील माणसाला क्रमांक नसण्याची ही कल्पना प्रथम अस्वस्थ करते.

२०२६ च्या जानेवारीत पुणे जिल्ह्यात ‘पुणे ग्रँड टूर’ ही आंतरराष्ट्रीय टप्प्यांची शर्यत झाली आणि तिच्यासाठी मार्गावरील रस्ते आधीच गुळगुळीत करण्यात आले. यावरून जिल्ह्यातील सायकलस्वारांनी असा सिद्धान्त मांडला आहे की रस्तेदुरुस्तीसाठी अर्ज, निवेदने आणि उपोषणे यांपेक्षा परदेशी सायकलपटू बोलावणे अधिक परिणामकारक ठरते, आणि म्हणून प्रत्येक तालुक्याला वर्षातून एक शर्यत मिळालीच पाहिजे.

मूळ प्रवासाकडे परत यायचे तर, राजगुरुनगरला मिसळ खाऊन, जाळलेल्या उष्मांकांची तर्रीसह परतफेड करून, महामार्गाने चाकणला परतताना प्रवासाचा हिशेब मांडला जातो. घरी पोचण्यापूर्वीच समूहावर संगणकाचे चित्र झळकते: अंतर अठ्ठावन्न, सरासरी बावीस. उद्दिष्ट गाठले गेले, कारण चाक थांबले की मोजणीही थांबते. त्यामुळे टपरीवरची भजी, सहा अभियंत्यांचे पंक्चर, पारावरचे आजोबा, पिकअपवाल्याची दया आणि सिग्नलवरचे लोटांगण यांपैकी कशाचीही नोंद त्या अहवालात नसते. पुढे कित्येक महिने सांगितले जाते ते सगळे याच न मोजलेल्या वेळात घडलेले असते आणि मोजलेले बावीस पुढच्या सोमवारपर्यंतही कोणाच्या लक्षात राहत नाहीत. कारखान्यातून सुटलेला माणूस कारखान्याची मोजपट्टी बरोबर घेऊन डोंगरात जातो खरा, परंतु तिच्या हाती लागत नाही तेवढाच त्याचा प्रवास असतो. या ऑटो-पॉजला एकच अपवाद आहे, तो म्हणजे घर. तेथे पहाटे पाच ते दुपारी एक असा सलग हिशेब धरला जातो, थांबलेल्या चाकाची सूट मिळत नाही, आणि सरासरी निघते ती ताशी सात.