बाबा, इथलाही रस्ता अजून व्हायचाय

होली स्प्रिंग्ज, नॉर्थ कॅरोलायना
रविवार, जेवणं आटोपल्यावर

ती. बाबा आणि आई यांना सा. न. वि. वि.

आई, काल फोनवर "तुमच्याकडे वादळ आलंय का गं?" असं तीन-तीनदा विचारलंस. मी नाही म्हटलं तरी तुला खरं वाटेना, म्हणून हे पत्र. तो आवाज वाऱ्याचा नव्हता, हायवेचा होता. मी मागच्या ओट्यावर उभी राहून बोलत होते आणि झाडांच्या पट्टीपलीकडे तो चोवीस तास घुं घुं करत असतो. तेव्हा मारुतीला बोललेला नारळ एवढ्यात फोडू नकोस. रस्त्यासाठी लागेल.

पार्सल पोचलं. मेतकूट, कुळथाचं पीठ, आमसुलं सगळं धड आलं. फणसपोळी मात्र निम्मीच हाती लागली. कस्टमवाल्यांना उगाच बोल लावू नकोस, तुझ्या जावयाने, मिलिंदने, गाडीतच पुडी फोडली होती.

सुमनआत्याच्या सुनेचं वाचलं. वेगळी चूल मांडली तर मांडू दे, आत्याच्या हातची आमटी रोज खाऊन बघ म्हणावं. आणि नंदूला सांग, मुलीकडचे "रस्ता झाला की बघायला येऊ" म्हणाले याचा अर्थ नकार असा होतो. दुसरं स्थळ बघा.

थांबा, ड्रायर वाजला. घड्या घालून येते.

हं. बाबा, आता तुमच्याकडे वळते. दादा गणपतीला डोंबिवलीहून पहाटे निघाला आणि रात्रीची आरती होऊन गेल्यावर दारात उभा राहिला, तेव्हा तुम्ही म्हणालात म्हणे, "अमेरिकेत असतं तर सहा महिन्यांत चौपदरी झाला असता." मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ साली सुरू झालं तेव्हापासून हे वाक्य मी ऐकतेय. तुम्ही म्हणायचं, बापूकाकांनी मान डोलवायची आणि आईने चहा ठेवायला उठायचं. आज ते वाक्य मी कायमचं बंद करणार आहे.

आमच्या जवळचं मोठं शहर म्हणजे राले. राज्याची राजधानी, पण वस्ती कोल्हापूरपेक्षा कमीच. त्याच्याभोवती एक रिंगरोड करायचा असं १९७०च्या दशकात ठरलं. त्याचा नंबर ५४०, लांबी साधारण सत्तर मैल. पहिला तुकडा विमानतळाजवळ, १९९७ साली. उत्तरेचा भाग पुरा व्हायला २००७ उजाडलं. पश्चिमेचा २०११ ते २०१३. आमच्या घरामागचा अठरा मैलांचा सप्टेंबर २०२४मध्ये सुरू झाला. आणि पूर्वेचे दहा मैल राहिलेत, ते २०२८ला होतील म्हणतात. "म्हणतात" म्हणजे काय ते तुम्हाला आरवली-कांटे टप्प्यावाल्यांना मी सांगायला नको.

एवढा वेळ का लागला, तर बाबा, तिसऱ्यांमुळे. हसू नका. आमच्या बाजूला स्विफ्ट क्रीक नावाचा ओढा आहे. त्यात बोटाच्या दोन पेरांएवढी शिंपली सापडते आणि ती जगातून नामशेष व्हायला आली आहे. तिचं घर वाचावं म्हणून रस्ता जरा उत्तरेला, गार्नर गावाच्या बाजूने नेता येईल का, अशी नकाशावर एक लाल रेघ ओढली. गार्नरकर असे काही खवळले, की राज्याच्या विधिमंडळाने २०११ साली कायदाच केला: लाल रेघेचा विचारसुद्धा करायचा नाही. त्यावर दिल्लीवाले, म्हणजे इथले वॉशिंग्टनवाले, म्हणाले की सगळे पर्याय तपासल्याशिवाय आम्ही हात लावणार नाही. दोन वर्षं सगळं ठप्प. २०१३ साली विधिमंडळाने आपलाच कायदा गुपचूप मागे घेतला. शेवटी रस्ता मूळच्या केशरी रेघेवरूनच गेला. शिंपलीसाठी रस्त्याच्या पैशातून येट्स मिल या जुन्या पाणचक्कीपाशी पैदास केंद्र काढायचं ठरलं. बापूकाकांना हे सांगाल तेव्हा ते पहिला प्रश्न "खायला कशी लागते?" हाच विचारणार. कुणी खात नाही म्हणावं.

त्याच बापूकाकांना आणखी एक वाचून दाखवा. इथे १९८७चा एक कायदा होता. सरकारने नकाशावर रस्त्याची रेघ आखली, की त्या जागेवर घर बांधायला परवाना बंद. जमीन ताब्यात घ्यायची मात्र घाई नाही आणि दमडीही द्यायची नाही. माणसं वीस-वीस वर्षं अडकली. विकायला जावं तर घेणारा कोण? म्हातारे वारले, पोरं म्हातारी झाली. विन्स्टन-सेलमकडच्या लोकांनी नेट लावून सरकारला कोर्टात खेचलं, तेव्हा २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की ही जमीन घेतल्यासारखीच आहे, मुकाट्याने पैसे द्या. आपल्याकडे निदान मोजणीवाले दगड रोवून जातात आणि कलमं मोजून जातात. (काकांनी चार कलमांची चौदा सांगितली ते मला वहिनीने सांगितलंय. रोपं पण धरली असं म्हणायचं.)

आता माझं दुखणं. होली स्प्रिंग्ज १९९०च्या सुमारास हजारभर वस्तीचं गाव होतं, भोवती तंबाखूची शेतं. २०२०च्या जनगणनेत एक्केचाळीस हजारांवर गेलं. औषधांचे कारखाने आले, मिलिंदसारखे लोक आले, तंबाखूची जागा आमच्यासारख्यांच्या घरांनी घेतली. आमचं घर २०२१चं. बिल्डरकडच्या बाईने दाखवलेल्या नकाशावर मागे नुसता हिरवा पट्टा होता आणि त्यावर सुबक अक्षरांत "निसर्ग" लिहिलं होतं. तो निसर्ग सहापदरी निघाला.

गोंगाट अडवायला इथे रस्त्याच्या कडेने उंच भिंत बांधतात. ती हवी की नको याचं चक्क मतदान होतं. घरी मतपत्रिका येते, मालकाच्या मताला भाडेकरूच्या मतापेक्षा जास्त वजन, सगळं अगदी ग्रामपंचायतीसारखं, फक्त मटणाविना. आमच्या पलीकडच्या वसाहतीत भिंत आली. आमच्याकडे आली नाही. मी फोन केला, तेव्हा एका अतिशय गोड आवाजाच्या माणसाने नियम सांगितला. रस्त्याला अंतिम मंजुरी ज्या दिवशी मिळते, त्या दिवसापासून तो सगळ्या जगाला माहीत आहे असं धरतात. त्यानंतर ज्या घराचा बांधकाम परवाना निघाला, त्याला भिंतीचा हक्क नाही. मंजुरी २०१८ची, आमचा परवाना २०२०चा. मी विचारलं, "अहो, २०१८ साली मी रत्नागिरीत बँकेत कॅशला बसत होते, मला कुठून माहीत असणार?" तर म्हणाला, "मॅडम, तुम्हाला माहीत होतं असं धरलेलं आहे." म्हणजे मला हे माहीत होतं हेसुद्धा मला माहीत नव्हतं! बाबा, तुम्ही तहसील कचेरीत चाळीस वर्षं काढलीत. असं वाक्य तुम्हालाही कधी सुचलं नसतं.

आणि ज्या रस्त्याचा आवाज फुकट ऐकायचा, त्यावरून जायचे पैसे. टोलनाका नाही, माणूस नाही, फाटक नाही, भांडायला कुणी नाही. वरच्या कमानीवरचे कॅमेरे नंबर प्लेटचा फोटो काढतात आणि बिल घरी येतं. काचेवर चिप चिकटवली तर बरंच स्वस्त पडतं. पण खरी आग पुढेच आहे. याच रिंगरोडचा उत्तरेचा भाग फुकट आहे! तो आधी झाला, तेव्हा सरकारकडे पैसा होता. आमची पाळी आली तेव्हा तिजोरी रिकामी, म्हणून कर्ज काढलं आणि टोल बसवला. एकच रस्ता, एकच नंबर, वरच्या अंगाचे मोफत आणि खालच्या अंगाचे पैसे मोजून. कोकणातून उठून इतक्या लांब आले, तरी वाट्याला कोकणच आलं.

मिलिंदचं मत वेगळं. तो म्हणतो, कारखान्यातून घरी यायचा वेळ निम्मा झाला, ओरडतेस काय? जावई तुमचाच, काय बोलणार.

ओवीला चित्रकलेच्या वर्गातून आणायला गेले होते. वाटेत नव्या पुलाखाली झाडांच्या बुंध्यांना केशरी फिती बांधलेल्या दिसल्या. शेजारी मोठं रान होतं, आता तिथे चारशे घरं येणार अशी पाटी आहे. ओवी म्हणाली, "आई, फीत बांधली म्हणजे झाडाचा वाढदिवस आहे का?" मी हो म्हटलं. मग गाडी घरासमोर उभी करून बराच वेळ तशीच बसले.

दादाने गणपतीतले फोटो पाठवले त्यात एसटीच्या थांब्याचाही होता. मला थांबा ओळखूच येईना. वड कुठे गेला ते मी त्याला विचारलं नाही आणि त्यानेही आपणहून सांगितलं नाही. त्याच्या पारावर बसून आम्ही संगमेश्वरच्या गाडीची वाट बघायचो, तुम्ही डबा विसरलात की आई मला त्याच पारापर्यंत पळवायची. पारावर शेंदूर फासलेला एक दगड होता. रस्त्यावाल्यांनी तो तरी नीट उचलून ठेवला की नाही, तेवढं कळवा. ठेवला नसेल, तर कळवू नका.

ईशान विचारतोय, रात्री पिठलं आहे का. कुळथाचं आहे म्हटल्यावर नाक मुरडून वर गेला. पण कढईत हिंग-लसणीची फोडणी बसली की येईल खाली, तुझाच नातू आहे.

बाबा, मुख्य काम राहिलंच. रस्त्यात जाणाऱ्या पडवीपुढच्या दोन गुंठ्यांचा कागद आलाय असं आई म्हणाली. साहेब ओळखीचा आहे, चहा पिऊन गेला, म्हणून सही करून मोकळे होऊ नका. कागदावर किती मीटर लिहिलंय ते दादाला टेप लावून मोजायला सांगा. विहीर हद्दीच्या आत येते की बाहेर, ते लेखी मागा. चहा दोनदा पाजा, पण सही एकदाच करायची असते, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत.

आईच्या गुडघ्याला तेल लावताय ना? लावत असाल तर फोनवर ती तुमच्या तक्रारी कमी करेल.

तुमची,
शुभी

ता. क. फेब्रुवारीत पंधरा दिवस येतोय. मुंबईला उतरून खाली यायचं की गोव्याला उतरून वर? सिंधुदुर्गातला रस्ता केव्हाच झाला, तेव्हा माझा कल गोव्याकडे आहे. पण तिथून पुढे आपल्यापर्यंत काय अवस्था आहे, ते बापूकाकांना नको, एसटीच्या ड्रायव्हरला विचारा आणि या आठवड्यात कळवा. तिकिटं त्यावर काढायची आहेत.