शुद्ध हवा, थेट दारापर्यंत

माथेरानला गाडी जात नाही, याचा आम्हा निसर्गप्रेमींना फार अभिमान आहे. तो दस्तुरी नाक्यापर्यंत टिकतो.

नाक्यापर्यंत मात्र आम्ही गाडीनेच येतो. नेरळहून छोटी रेल्वे आहे, 1907 सालची, दोन फुटी रुळांवरून डोंगर चढणारी. पण 21 किलोमीटरला ती दोन तासांहून जास्त वेळ घेते, आणि पावसाळ्यात तर नेरळ ते अमन लॉज बंदच असते. निसर्गात इतका वेळ काढायला सवड कुणाला आहे? त्यापेक्षा आपली एसयूव्ही बरी. पहिल्या गिअरमध्ये घाट चढायचा, वळणावर क्लच जळका वास मारेपर्यंत अडकायचं, पार्किंगसाठी हॉर्नवर हात ठेवून बसायचं, आणि शेवटी दार उघडून छातीभर श्वास घेत म्हणायचं, "वा! काय हवा आहे!"

पुढे बाजारपेठ जेमतेम अडीच किलोमीटर. पण बॅगेची चाकं लाल मातीत रुतली की आम्हाला हटकून विकास आठवतो.

2003 मध्ये केंद्राने माथेरानला इको-सेन्सिटिव्ह झोन जाहीर केलं. धूर काढायला बंदी होतीच. घाम काढायला कुणाची ना नव्हती. हातरिक्षात वजनदार पर्यावरणवादी बसायचा, पुढून एक जण ओढायचा, मागून सोबती ढकलायचे, आणि बसलेला चढावर व्हिडिओ काढायचा. कार्बन शून्य! ई-रिक्षा मागायला सुप्रीम कोर्टात गेले तेही रिक्षा ओढणारेच. बसणाऱ्यांना त्यात काही खटकलंच नव्हतं. अखेर ऑगस्ट 2025 मध्ये कोर्टानेच सुनावलं: माणसाने माणसाला ओढणं सहा महिन्यांत बंद करा आणि ई-रिक्षा त्याच लोकांना द्या. बरं झालं. शाळेतली पोरं आणि गुडघे धरून चालणारे म्हातारे हे काही 'हेरिटेज वॉक'ला निघालेले नसतात.

आता ई-रिक्षाला सपाट रस्ता हवा, म्हणून पेव्हर ब्लॉक. घोडेवाले म्हणतात, ब्लॉकवर घोड्याचे पाय घसरतात. पालिका म्हणते, पावसात माती वाहून जाते, आणि तेही खोटं नाही. जूनमध्ये इथले उतार तांबडे ओढे होतात. कोर्टाने मधला रस्ता काढला: दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत ब्लॉक चालतील, आतल्या रस्त्यांवर आणि पायवाटांवर नाही.

आमची गोची होते ती इथेच. पॉइंट आहेत आत! ब्लॉक पुतळ्यापाशी संपले की पुढे पुन्हा माती, मुळं आणि माकडं. आमची मागणी साधी आहे. मातीचा रंग तोच ठेवा, फक्त माती काढा. मुळं राहू द्यात, पण पायात नकोत. माकडं फोटोपुरती.

शेवटी बुकिंगसाठी आम्ही हॉटेलात फोन लावला.

"गाडी दारापर्यंत येते ना?"

"नाही हो साहेब. गाड्या येत नाहीत म्हणून तर लोक येतात."

"ते चांगलंच आहे हो. पण आमची एकच आहे."