रिकामं कॅरेट

नशिराबादच्या बसथांब्यावर नाना भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, "केवढ्याले पडलं?" हातातली पिशवी असो, पोरीचं लग्न असो की आईचा दवाखाना, भाव सांगितल्याशिवाय सुटका नाही. सांगितल्यावर तर नाहीच नाही. "फसले भो तुम्ही!" हा शेरा घेऊनच घरी जायचं.

23 ऑगस्ट 2023च्या संध्याकाळी 'विक्रम' चंद्रावर टेकलं, गल्लीनं टाळ्या पिटल्या. नाना कॅलेंडरच्या पाठीवर भागाकार मांडत होते. चांद्रयान-3चा खर्च 615 कोटी, अंतर 3 लाख 84 हजार किलोमीटर. "किलोमीटरले सोळा हजार! अन् तेबी एकेरी!" यान सरळ न जाता फेऱ्या मारत चाळीस दिवसांनी पोचलं, हे कळल्यावर मात्र खूश झाले. फेऱ्या धरल्या की दर उतरत होता.

परवा मी नसतं शहाणपण केलं. म्हटलं, नासाच्या सरकारी एसएलएस रॉकेटची ओरायन या माणसांच्या कुपीसकट एक खेप 4.1 अब्ज डॉलरला पडते, असं नासाच्याच महानिरीक्षकांनी 2022मध्ये सांगितलंय. तेव्हाच्या दरानं आपले तीस हजार कोटींच्या वर. आणि युरोपा क्लिपर यान उडवायला खासगी फाल्कन हेवी रॉकेटवाल्यांशी करार झाला 17.8 कोटी डॉलरचा.

नाना बाकावर बसलेच.

"पण फाल्कन हेवीत माणसं बसत नाहीत, नाना."

"म्हंजे मालवाहू टेम्पो. तरीबी एवढा फरक?"

एसएलएसचं बरंचसं काम 'होईल तो खर्च अधिक नफा' या बोलीवर दिलंय, खासगीवाल्याशी रक्कम आधीच ठरते, असं मी समजावलं.

"एक रोजानं, एक उक्तं," नानांनी निकाल दिला. "रोजानं लावलेल्या विहिरीले पानी लागत नाही भो."

एसएलएसच्या 2022च्या पहिल्या फेरीतली चारही इंजिनं जुन्या स्पेस शटलची होती. तेव्हा ती दर खेपेला परत यायची, या वेळी समुद्रात गेली. फाल्कनवाले मात्र बहुतेकदा खालचा टप्पा उतरवून पुन्हा वापरतात. हे ऐकून नानांचा चेहरा पडला. भरताची वांगी विकण्यात त्यांची हयात गेली. ओट्यावर त्यांची कॅरेटं अजून रचलेली आहेत, प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं 'ना', फुटलेले कोपरे तारेनं शिवलेले. एक रिकामं कॅरेट परत आलं नाही, तर त्यांनी अडत्याशी तीन बाजार अबोला धरला होता.

"कॅरेट समुद्रात?" एवढंच म्हणाले.

तेवढ्यात काळीपिवळी थांबली. मी निघालो, नाना हलले नाहीत. पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट, तासभर वाट पाहायची त्यांची तयारी होती.

"नाना, आत्ता तर खासगीचं कौतुक करत होता!"

"त्यो भाडं मागतो ना!"

"मग सरकारी गाडी महाग कशी पडते?"

नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "फुकट बसनाऱ्याले कधी इचारता का, केवढ्याले पडलं?"