पाच सेना आणि एक दगड

टॉल्किनच्या ‘द हॉबिट’मधला माझा सगळ्यात आवडता योद्धा म्हणजे एक दगड. त्याला नाव नाही, घराणं नाही, पिढीजात वैर नाही, टाळ्या घेणारी वाक्यं नाहीत. पुस्तकाच्या शेवटाकडे पाच सेनांची लढाई ऐन भरात आलेली असते, आकाशात गरुड दिसतात, बिल्बो बॅगिन्स आनंदानं ओरडतो आणि तेवढ्यात वरून हा दगड येऊन त्याच्या शिरस्त्राणावर बसतो. नायक आडवा. प्रकरण समाप्त. पुढच्या प्रकरणात बिल्बो डोळे उघडतो तोवर रणांगण शांत झालेलं असतं. बोटात अंगठी असल्यामुळे तो अदृश्य, त्यामुळे शोधायला आलेल्या माणसालाही तो दिसत नाही. अखेर स्वतःच अंगठी काढून हजेरी द्यावी लागते. युद्ध कसं झालं ते त्याला इतरांकडून कळतं आणि आपल्यालाही. महायुद्ध उरकायची इतकी सुटसुटीत रीत मी दुसरीकडे कुठे वाचलेली नाही.

लेखकानं अंग चोरलं, असं कुणाला वाटेल. पण हा लेखक १९१६ साली सोमच्या लढाईत होता, लँकेशायर फ्युसिलिअर्समध्ये सिग्नल अधिकारी म्हणून. तिथून खंदकज्वर घेऊन तो इंग्लंडला परतला. शाळेपासूनच्या जिवलग मित्रांपैकी दोघं त्याच वर्षी गेले. युद्ध इतक्या जवळून पाहिलेल्या माणसानं १९३७ साली मुलांच्या पुस्तकात युद्ध आणलं, त्याची भीती दाखवली आणि मग नायकाच्या डोक्यात दगड घालून त्याला त्यातून सोडवलं. याला मी दया म्हणतो.

पीटर जॅक्सननं ही दया अर्धीच दाखवली. ‘द बॅटल ऑफ द फाइव्ह आर्मीज’ (२०१४) या चित्रपटात दगडाऐवजी बोल्ग नावाचा ऑर्क बिल्बोला तडाखा देतो आणि बिल्बो पडतो खरा, पण कॅमेरा शुद्धीवर राहतो. बिल्बो सुटतो, प्रेक्षक सुटत नाही. लढाई चांगली पाऊण तास चालते. कुरुक्षेत्रावर निदान सूर्यास्ताला हात थांबवायचा नियम होता.

एका आटोपशीर पुस्तकाचे तीन चित्रपट करायचे म्हटल्यावर कुठेतरी पाणी घालावं लागणारच. आधी दोनच ठरले होते. २०१२च्या जुलैमध्ये दोनाचे तीन झाले. त्यातला हा १४४ मिनिटांचा तिसरा सर्वांत छोटा, हे ऐकल्यावर माझी बायको म्हणाली, “छोटा?” तिच्यासाठी सांगून ठेवतो, याची आणखी वीस मिनिटांनी वाढवलेली आवृत्तीही आहे. तिच्यातल्या मारकाटीमुळे अमेरिकेत तिला ‘आर’ प्रमाणपत्र मिळालं. म्हणजे सतरा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माणसाशिवाय प्रवेश नाही. टॉल्किननं ही गोष्ट रचली होती ती स्वतःच्या मुलांना सांगायला.

आमच्या घरी हे युद्ध दिवाणखान्यात लढलं गेलं. सेनापती माझा भाचा चिन्मय. त्याचा टॉल्किनचा अभ्यास पक्का, परिशिष्टंसुद्धा वाचलेली. आई सोफ्यावर, हातात वाटाण्याच्या शेंगा. पडद्यावर एका बाजूला सोनेरी चिलखतातले एल्फ, दुसऱ्या बाजूला लोखंडी साच्यातून आल्यासारखे जाडजूड बुटके, मध्ये घरदार जळालेली माणसं. आईनं पहिला प्रश्न नेमका विचारला. “यातले आपले कोण?”

“आजी, ते आत्ता नाही सांगता येणार. आत्ता एल्फ आणि बुटके एकमेकांवर धावून जाणारेत, पण पाच मिनिटांत ते एक होतील.”

“मग आत्ता कशाला धावतायत?”

“डोंगरात सोनं आहे ना, त्याच्या हिश्श्यावरून.”

आईचा चेहरा एकदम उजळला. पुढचं तिला काहीही समजावून सांगावं लागलं नाही.

आणि खरं सांगायचं तर चित्रपटाचा उत्तम भाग तोच आहे, हिश्श्याचा. त्या सोन्यावरचा ड्रॅगन तर चित्रपटाचं नाव पडद्यावर यायच्या आधीच मरतो. त्यानंतर बुटक्यांचा राजा थोरिन सोन्याच्या राशीत बसून हळूहळू कुजत जातो. रिचर्ड आर्मिटेजनं हे फार बारकाईनं केलंय. आवाज खोल जातो, नजर माणसावरून घसरून सोन्यावर जाते, आणि आपल्याच सोबत्यांकडे तो चोरांकडे बघावं तसं बघू लागतो. वेशीत रचलेल्या दगडी भिंतीला एक भोक आहे. बाहेरून गावकऱ्यांचा पुढारी बार्ड त्या भोकाशी येऊन बोलतो, आतून थोरिन. गावकऱ्यांना कबूल केलेलं द्या, एवढंच मागणं. दोघांची तोंडं त्या भोकाच्या दोन बाजूंना, आणि दिलेला शब्द फिरवताना थोरिन भिंतीला पाठ लावून उभा राहतो. हजारो संगणकी सैनिकांत नसलेली धास्ती त्या एका भोकात आहे. मग बिल्बो थोरिनच्या घराण्याचं रत्न, आर्केनस्टोन, खिशात घालून रात्रीचा थेट समोरच्या पक्षाकडे नेऊन देतो. “हा पोरगा शहाणा आहे,” आई म्हणाली. मार्टिन फ्रीमनला याहून नेमकी पावती कुणी दिली असेल असं वाटत नाही.

मग शिंगं वाजली आणि आमचे हाल सुरू झाले.

सेना पाच म्हणजे कुठल्या, यावर आधी तंटा. पुस्तकात सरळ आहे: एकीकडे गॉब्लिन आणि लांडगे, दुसरीकडे एल्फ, माणसं आणि बुटके. पडद्यावर लांडगे सेना म्हणावी असे दिसतच नाहीत, ऑर्कांच्याच दोन फौजा दोन दिशांनी येतात. बायकोनं गरुड धरले, मी धरले नाहीत. शेवटच्या क्षणी येऊन ज्यांचं काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच संपतं, त्यांना सेना कसं म्हणायचं? बेऑर्नचं तर त्याहून वाईट. पुस्तकात हाच अस्वल होऊन येतो, जखमी थोरिनला उचलून बाहेर नेतो, परत फिरून बोल्गला चिरडतो; लढाई फिरते ती त्याच्यामुळे. इथे गरुडावरून उडी मारतो, हवेत अस्वल होतो, आणि रामराम. चिन्मयला हे दुःख अजून पचलेलं नाही.

ऑर्क येतात ते जमिनीतून. आधी आगगाडीएवढे प्रचंड किडे डोंगर फोडून बाहेर येतात, बोगदे पाडतात, एकवार आ वासतात आणि परत जातात. डोंगर खाणारे प्राणी पदरी असताना त्यांना समोरच्या किल्ल्यावर सोडावं असं एकाही ऑर्क सेनापतीला सुचत नाही. बहुधा कंत्राट फक्त बोगद्यांचं होतं.

डेन हा बुटक्यांचा सरदार मात्र मला आवडला. डुकरावर बसून येतो, आल्या आल्या सगळ्यांना शिव्या घालतो आणि वरातीत उशिरा पोचलेल्या काकांसारखा थेट मध्ये घुसतो. आवाज बिली कॉनलीचा, चेहरा संगणकाचा. तरी माणूस वाटतो. त्याचे सैनिक ऑर्कांसमोर ढालींची भिंत रचतात, भाले रोखतात, फळी अशी जमते की बघत राहावं. आणि त्याच क्षणी मागून एल्फ येतात आणि त्या भिंतीवरून उड्या मारून बरोब्बर पुढे, भाल्यांच्या टोकांसमोर उतरतात. दृश्य देखणं, वाद नाही. “मग ढाली कशाला लावल्या होत्या?” बायकोनं विचारलं. चिन्मयनं परिशिष्टात शोधलं, पण उत्तर मिळालं नाही.

या सगळ्या गर्दीत मला माझा जुना मित्र एकदाच भेटला. एक ट्रोल डोक्यावर भलामोठा दगड बांधून धावत येतो, गावाच्या तटावर टक्कर देतो, तट फुटतो आणि ट्रोल जागीच आडवा होतो. काम नेमकं, निकाल चोख, पुढे त्रास नाही. पाऊण तासात मी मनापासून टाळी दिली ती त्याला.

आता लेगोलास. हा एल्फ मूळ पुस्तकात नाहीच. तो इथे वटवाघळाला लटकून उडतो, ट्रोलच्या डोक्यात तलवार खुपसून त्याला लगामासारखी वापरतो, आणि मग ते प्रसिद्ध दृश्य: पायाखालचा दगडी पूल कोसळतोय आणि लेगोलास खाली पडणाऱ्या एकेका दगडावर पाय देत वर पळतोय. माझी बायको कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. तिनं रिमोट घेतला, चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा चालवलं.

“मामी, एल्फ वजनाला हलके असतात,” चिन्मय घाईघाईनं म्हणाला. “ते बर्फावरूनही चालतात.”

“हलका असू दे. दगड आणि तो, दोघंही एकाच त्वरणानं खाली पडतायत ना? मग पायाला टेकण कुठून मिळणार? एखादी उडी दिली तर समजू शकते. हा जिना चढतोय.”

“मामी, त्यात ड्रॅगन होता, तेव्हा तू काही बोलली नाहीस.”

“ड्रॅगन अभ्यासक्रमात नाही.”

हसण्यावारी नेलं तरी त्या वाक्यात चित्रपटाचं दुखणं होतं. ड्रॅगनवर आपण विश्वास ठेवतो, कारण त्याचे नियम ठरलेले आहेत: आग ओकेल, सोन्यावर झोपेल, खवला निसटलेल्या जागी बाण लागला तर मरेल. लेगोलासला काहीच होऊ शकत नाही, मग त्याच्यासाठी जीव मुठीत धरायचा कसा? त्यातून तो साठ वर्षांनंतरच्या कथेत, म्हणजे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मध्ये, ठणठणीत असल्याचं आपण २००१ सालीच पाहिलेलं.

जॅक्सनची बाजूही मांडली पाहिजे. हे चित्रपट मुळात गिएर्मो डेल तोरो करणार होता. तो २०१०मध्ये बाहेर पडला आणि जॅक्सनला धावती गाडी पकडावी लागली. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या वेळी तयारीला मिळालेली वर्षं इथे नव्हतीच. चित्रफितीसोबतच्या माहितीपटात त्यानं मोकळेपणानं सांगितलंय की लढाई कशी दाखवायची हे चित्रीकरणाच्या वेळी ठरलेलंच नव्हतं. म्हणून ती पुढे ढकलून २०१३मध्ये उरकली. सेनापतीलाच व्यूह ठाऊक नसेल तर पाचही सेनांनी जमेल तिकडे धावायचं, हे ओघानं आलंच. एवढ्या गोंधळात त्यानं काही दृश्यं अशी जमवली आहेत की टोपी काढावी. पण एका गोष्टीबद्दल त्याला माफी नाही. ती भाच्यांची गोष्ट.

फीली आणि कीली हे थोरिनच्या बहिणीचे मुलगे. पुस्तकात ते थोरिनला वाचवताना मरतात, स्वतःच्या ढाली आणि शरीरं पुढे करून; कारण तो त्यांचा मामा. टॉल्किन एका वाक्यात हे सांगतो आणि पुढे जातो. त्या वाक्याशी मी दर वेळी अडखळतो. चित्रपटात फीलीला ऑर्कांचा सेनापती अझोग पकडून उंचावर सगळ्यांसमोर मारतो, आणि कीली मरतो तो टॉरिएल नावाच्या, पुस्तकात नसलेल्या, एल्फ तरुणीसाठी. इव्हँजेलीन लिलीनं भूमिका घेतानाच प्रेमाचा त्रिकोण नको अशी अट घातली होती, असं तिनंच मुलाखतींत सांगितलंय; पुनर्चित्रीकरणात त्रिकोण आलाच. मामा राहिला बाजूला. मी चिन्मयकडे पाहिलं. “काय बघतोस मामा? मी आलो असतो पुढे,” तो म्हणाला. त्याआधी दोनदा सांगूनही पाण्याची बाटली आणायला तो उठला नव्हता.

थोरिन आणि अझोगची गोठलेल्या धबधब्यावरची झुंज मात्र पुन्हा बघण्यासारखी आहे. अझोग साखळीला बांधलेला दगड गरगरा फिरवतोय, बर्फ तडकतंय. थोरिन एका क्षणी तलवार टाकतो, तोच दगड उचलून अझोगच्या हातात देतो आणि आपण शांतपणे मागे सरकतो. तरंगती लादी कलते, अझोग पाण्यात. (दगड पुन्हा कामी आला, याची नोंद घ्यावी.) मग तो बर्फाच्या काचेखालून वाहत जाताना दिसतो, डोळे मिटलेले, वरून थोरिन त्याच्याबरोबर चालतोय. संगीतही थांबलंय. इथपर्यंत उत्तम. त्यानंतर डोळे उघडतात, आणि ते उघडणार हे शेंगा सोलता सोलता आईनंसुद्धा आधीच सांगितलं होतं.

पण लढाई संपल्यावरचं एक दृश्य आहे. बिल्बो दगडावर बसलाय. जादूगार गँडाल्फ येऊन शेजारी बसतो, एक शब्द न बोलता पाइप काढतो आणि काडीनं तो खरवडत बसतो. कर्रर्र, कर्रर्र. पाइप काही लवकर साफ होत नाही. बिल्बो एकदा बघतो, वैतागल्यासारखा, पुन्हा बघतो. बस. इयन मॅकेलन आणि फ्रीमन यांनी त्या काही सेकंदांत जे केलंय ते बघून असं वाटतं की पाऊण तास ऑर्क कापण्यापेक्षा एवढंच ठेवलं असतं तरी आम्ही तिकिटाचे पैसे परत मागितले नसते.

“बरं, सोन्याचं काय झालं?” आई.

चिन्मय गप्प. कारण चित्रपटगृहात दाखवलेल्या आवृत्तीत ते सांगितलेलंच नाही! ज्या वाटपावरून हजारो मेले, ते वाटप कसं झालं, रत्न कुणाकडे गेलं, काही नाही. पुस्तकात सगळा हिशेब चोख आहे: आर्केनस्टोन थोरिनच्या छातीवर ठेवून त्याला पुरलं, डेननं खजिन्याचा चौदावा हिस्सा बार्डला दिला, बार्डनं त्यातून तळ्याकाठच्या गावाला मदत केली. हे ऐकून आईचं समाधान झालं. चौदावा म्हणजे किती, एवढंच तिनं दोनदा विचारलं.

आणि मग बिल्बो घरी पोचतो. पुढे काय, हे चिन्मय आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. दारात लिलाव चाललाय. तो मेला असं समजून शेजारीपाजारी आणि नातलग त्याच्या खुर्च्या, गालिचे, भांडी उचलून निघालेत. आईनं शेंगा खाली ठेवल्या. एवढ्या युद्धात ती पहिल्यांदाच पुढे सरकून बसली. चिन्मयनं सांगितलं की पुस्तकात तर बिचाऱ्याला स्वतःचंच बरंचसं सामान पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि चांदीचे चमचे गेले ते कायमचे. कुणी नेले ते शाबीत झालं नाही, पण संशय सॅकव्हिल-बॅगिन्स मंडळींवर.

“शाबीत काय व्हायचंय?” आई म्हणाली आणि तिनं ताबडतोब आपल्या एका जावेचं नाव घेतलं. ते मी इथे छापत नाही. दिवाळीला त्यांच्याकडे जायचंय.